विश्लेषण : आंग्र्यांच्या ‘गुराबे’ची हुबेहूब लाकडी प्रतिकृती बनवणे इतके अवघड का?

दिवाळी जवळ आली की पुणे जिल्ह्यात दारोदारी मातीचे किल्ले उभे राहतात. शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे घोड आणि कुकडी नद्यांच्या टापूतले गाव. समुद्र इथून सह्याद्रीच्या पलीकडे. तरी अशा गावांतही एखादी पोरांची टोळी हौसेने सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग करते. निळ्या कागदाचा समुद्र होतो आणि त्यावर एक जहाज ठेवले जाते. ते जहाज बहुतेक वेळा युरोपीय धाटणीचे असते. मागचा भाग उंच, पुढचा गोलसर, शिडे फुगलेली. मराठ्यांची गुराब तशी नव्हती. मग ती दिसायची कशी, तिची बारकाव्यांसह लाकडी प्रतिकृती करायची तर माहिती कुठून आणायची आणि गावातला सुतार ते काम करू शकेल का, याचा हा आढावा.

प्रतिकृती आणि शोभेचे जहाज यांत फरक काय?

दुकानात मिळणारे शोभेचे जहाज नजरेला बरे दिसावे म्हणून केलेले असते. त्यातली तोफ माणसाहून मोठी असली तरी कुणाचे बिघडत नाही. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान केलेला असतो. डोलकाठी, तोफ, सुकाणू, फळीची रुंदी, दोराची जाडी, सगळे त्याच हिशेबात बसावे लागते.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून युद्धनौकांच्या अशा लाकडी प्रतिकृती केल्या जात. त्यांना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ म्हणतात. त्यातल्या अनेकींच्या तळाला फळ्या न लावता आतला सांगाडा मुद्दाम उघडा ठेवलेला असतो, म्हणजे जहाज आतून कसे जोडले आहे ते दिसते. लंडनमधल्या ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. जहाज मोडीत निघाले, प्रतिकृती राहिली. त्यामुळे आज त्या इतिहासाचे पुरावे ठरल्या आहेत.

गुराब दिसायची कशी?

‘गुराब’ हा शब्द अरबीतून आला. मूळ शब्दाचा अर्थ कावळा. तिचे सर्वांत तपशीलवार वर्णन मिळते ते शत्रूच्या लेखणीतून. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या आरमाराविषयी लिहिले आहे.

त्याच्या वर्णनानुसार गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंतची. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असे आणि उथळ पाण्यात चालेल अशी बांधलेली असे. मध्यापासून टोकाकडे ती निमुळती होत जाई. पुढे गोल पोटाऐवजी लांब, पुढे आलेली नाळ असे. या नाळेवरचा तक्तपोशीचा भाग मुख्य डेकच्या पातळीत, पण त्याला कठडे नसत. कारण समोरून लाट आली की गुराब जोरात खाली-वर होई. नाळेवर चढलेले पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जावे, यासाठी ती जागा मोकळी ठेवत.

नाळ जिथे संपते तिथे एक आडवी लाकडी भिंत असे. तिला भोके पाडून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. म्हणजे सर्वांत दमदार तोफा समोर. समकालीन युरोपीय युद्धनौकांचा मुख्य मारा बाजूने होई, त्याच्या हे उलट.

यामागे लढण्याची पद्धत होती. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. ऑर्मच्या मते मोठ्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला जमायचे, कारण तिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नाहीत, आणि नाळेवरून मारा करून आधी त्याच्या डोलकाठ्या पाडायच्या. जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे त्यावर चढत.

हे समजले की प्रतिकृती तपासणे सोपे होते. पुढच्या आडव्या भिंतीत दोन तोफा आहेत का आणि नाळ बिनकठड्याची आहे का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी बाजारातली बरीच ‘मराठा युद्धनौका’ नापास होतात.

मग मूळ आराखडे का मिळत नाहीत?

कोकणातले कारागीर कागदावर आराखडा काढून जहाज बांधत नसत. मापे नजरेत, हातात आणि घराण्याच्या स्मरणात असत. वडिलांबरोबर काम करता करता मुलगा शिके.

लेखी पुरावा आहे, पण तो धोरणाचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे १७१५ च्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, वाऱ्याशिवाय चालणारच नाहीत अशा नकोत, असे त्यात सांगितले आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक विभाग करावा, असेही आहे. लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, ही त्यातली आज्ञा प्रसिद्धच आहे. पण गुराबेचा कणा किती हात लांब असावा, हे आज्ञापत्र सांगत नाही.

जहाजेही राहिली नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम केली. विजयदुर्गाच्या खाडीत ॲडमिरल वॉटसनच्या तोफांचा मारा सुरू असताना आंग्र्यांच्या एका जहाजाने पेट घेतला. जवळजवळ बांधलेल्या गुराबांना ती आग लागत गेली आणि काही तासांत आरमार जळाले. बांधणीवर असलेली जहाजेही त्यात गेली. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आजही पाहता येते. गोदी आहे, तिच्यात बांधलेले जहाज नाही.

मुंबईत बांधलेल्या जहाजांचे आराखडे मात्र कसे आहेत?

त्याच किनाऱ्यावर, साठ वर्षांनी, वेगळी पद्धत रुळली होती. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मुंबई गोदीत ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ झाली. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात उतरली. पहिल्या अफू युद्धानंतरचा नानकिंगचा तह १८४२ मध्ये याच जहाजावर झाला.

यातली ‘त्रिंकोमाली’ प्रतिकृती करणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची. तिचा आराखडा इंग्लंडहून यायचा होता. पण तो घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्राझीलजवळ नष्ट केले. आराखडा समुद्रात गेला, काम लांबले. दुसरी प्रत आल्यावर १८१६ मध्ये जमशेदजी बमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून बांधणी सुरू केली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारी सागाचे हे जहाज पाण्यात उतरले.

हा आराखडा ज्या वर्गाचा होता, त्याचे मूळ इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच जहाजात आहे. फ्रेंच घडण, इंग्रज कागद, मुंबईचे कारागीर आणि मलबारचे लाकूड असा हा मेळ. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

आराखडा बुडाला म्हणून काम थांबले, आणि दुसरी प्रत आल्यावर पुन्हा सुरू झाले. कागदाचा फायदा इथे दिसतो. गुराबेचे ज्ञान ज्या हातांत होते त्यांची दुसरी प्रत नव्हती.

प्रमाण कसे ठरवतात?

जगभर ऐतिहासिक जहाजांसाठी १:४८ हे प्रमाण जुने आणि लोकप्रिय आहे. म्हणजे खऱ्या जहाजावरचा एक फूट प्रतिकृतीत पाव इंच होतो. आपल्याकडच्या सुताराला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या भाषेत इंचाचे आठ सूत. म्हणजे १:४८ मध्ये एका फुटाला दोन सूत आणि १:९६ मध्ये एका फुटाला एक सूत.

‘त्रिंकोमाली’ची तोफांच्या डेकवरची लांबी सुमारे १५० फूट. १:४८ मध्ये ती साडेसदतीस इंच होते, १:९६ मध्ये पावणेएकोणीस. सात फुटांची तोफ १:४८ मध्ये चौदा सूत, म्हणजे पावणेदोन इंच. साडेपाच फुटांचा माणूस अकरा सूत. जहाजावर असा एक माणूस उभा करून पाहिला की दरवाजे, कठडे आणि तोफा यांच्या मापांतली चूक लगेच कळते.

गुराबेची लांबी ऑर्मने दिलेली नाही, फक्त टन दिले आहेत. तिथे हिशेब उलटा करावा लागतो. त्या काळी इंग्रज जहाजाचे टन मोजताना साधारणपणे कण्याची लांबी, गुणिले रुंदी, गुणिले रुंदीची निम्मी, भागिले ९४ असे सूत्र वापरत (मापे फुटांत). आता दोन शक्यता पाहा.

• कणा ६३ फूट, रुंदी २१ फूट : उत्तर सुमारे १४८ टन.
• कणा ७७ फूट, रुंदी १९ फूट : उत्तर पुन्हा सुमारे १४८ टन.

दोन्ही जहाजे १५० टनांच्या आतली. पण १:४८ मध्ये पहिल्याचा कणा पावणेसोळा इंच आणि दुसऱ्याचा सव्वाएकोणीस. फरक साडेतीन इंचांचा, म्हणजे प्रतिकृतीचा सगळा चेहराच बदलतो. ऑर्म गुराबेला बरीच रुंद म्हणतो, म्हणून पहिले माप जास्त पटते. तरीही तो अंदाजच. ऑर्मचे टन याच सूत्राने मोजलेले असतील असे धरून केलेला.

लाकूड कोणते वापरावे?

खरी जहाजे सागाची, म्हणून प्रतिकृतीही सागाची असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण सागाच्या रेषांची. त्याची छिद्रे डोळ्यांना दिसतात. पाव मिलिमीटरचे छिद्र १:४८ च्या हिशेबात सव्वा सेंटीमीटरच्या भोकाएवढे होते. जवळून पाहिले की फळी किडल्यासारखी वाटते. म्हणून युरोपात पेअर किंवा बॉक्सवूडसारखे बारीक पोताचे लाकूड घेतात.

आपल्याकडे त्याला पर्याय आहेत. हळदू (काही भागांत हेदू) पिवळसर आणि एकसारख्या पोताचा असतो. काळा कुडा पांढरट आणि गुळगुळीत. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी याच लाकडाची. शिवण हलकी आणि कापायला सोपी. सागच हवा असेल तर तो आतल्या सांगाड्याला वापरावा. जुन्या दार-चौकटींचे तुकडे त्यासाठी उत्तम, कारण ते वर्षानुवर्षे वाळलेले असतात आणि नंतर पीळ मारत नाहीत.

बांधणी कशी होते?

सोप्या पद्धतीत आधी प्लायवुडचा लांब कणा कापतात. त्यात ठरावीक अंतरावर आडवे छेद बसवतात. जहाज त्या त्या ठिकाणी आडवे कापले तर जो आकार दिसेल, तो एक छेद. या सांगाड्यावर पातळ पट्ट्या चढवल्या की जहाजाचे अंग तयार होते.

पहिली चूक इथेच होते. सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या घेतल्या तर नाळेकडे जागा संपते आणि पट्ट्या एकमेकींवर चढतात. समजा, मध्यावर कण्यापासून कठड्यापर्यंतचा घेर १२ सेंटीमीटर आहे आणि नाळेजवळ ८. वीस पट्ट्या लावायच्या असतील तर प्रत्येक पट्टी मध्यावर ६ मिलिमीटर आणि टोकाला ४ मिलिमीटर हवी. म्हणजे प्रत्येक पट्टी रंध्याने निमुळती करावी लागते. पट्टी पाण्यात भिजवून, उष्णता देऊन वाकवायची, जागेवर चिमट्यांनी धरून वाळू द्यायची आणि मग डिंक किंवा फेव्हिकॉल लावायचे. डावी-उजवी बाजू आलटून पालटून चढवायची. एकच बाजू आधी पूर्ण केली तर कणा ओढला जाऊन वाकतो.

बैलगाडी करणाऱ्या सुताराला यातले बरेच ओळखीचे वाटेल. चाकाच्या गोलाईसाठी तो बाभळीचे मुळातच वाकलेले लाकूड निवडतो, म्हणजे रेषा वळणाबरोबर वळतात आणि तुकडा चिरत नाही. जहाजाच्या बरगड्यांसाठीही कारागीर जंगलातून अशीच नैसर्गिक वळणाची लाकडे शोधून आणत. वाकस, पटाशी, किकरे आणि रंधा ही हत्यारे दोघांचीही. प्रतिकृतीत ती फक्त लहान होतात.

शेवटी दोरकाम. इथे शिवणकामाचा दोरा चालत नाही, कारण त्याचे केस सुटतात आणि तो प्रमाणात जाड दिसतो. मेण लावलेला, वेगवेगळ्या जाडीचा सुती दोरा स्वतः पिळून घेतात. तपशीलवार काम करायचे तर फावल्या वेळात वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. त्यातला मोठा वाटा दोरांचा असतो.

अंदाज कुठून सुरू होतो?

गुराबेच्या बाबतीत नाळ, पुढच्या तोफा, डोलकाठ्यांची संख्या, टन आणि रुंद बांधा एवढे लेखी आधारावर सांगता येते. बाजूला किती तोफा, मागच्या भागावर कोरीव काम किती, रंग कोणता, शिडांची नेमकी मांडणी कशी, हे करणाऱ्याला ठरवावे लागते. त्यासाठी आजूबाजूचे पुरावे जोडून पाहतात. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर मध्ययुगीन नाविक लढाई कोरलेली आहे. एडमंड पॅरिस या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पत्तेमारीसह युरोपबाहेरच्या अनेक नौकांची मोजमापांसह रेखाटने आहेत. पण वीरगळ गुराबेच्या कित्येक शतके आधीचे आणि पॅरिस जवळपास शतकभर नंतरचा. दोन्हींमधून थेट उत्तर मिळत नाही, दिशा मिळते.

म्हणून चांगल्या प्रतिकृतीबरोबर एक टिपण असते. कोणता भाग कशाच्या आधारावर केला आणि कोणता अंदाजाने, हे त्यात लिहिलेले असते. हे टिपण नसेल तर आजचा अंदाज दहा वर्षांनी पाठ्यपुस्तकातले सत्य होऊन बसतो. काचेच्या पेटीतल्या जहाजाला सहसा कुणी पुरावा मागत नाही.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

आराखड्याविना जहाज पुन्हा उभे करण्याचे मोठे उदाहरण अलीकडचेच आहे. भारतीय नौदलाची ‘कौंडिण्य’ ही नौका अजिंठ्याच्या लेण्यांतील जहाजाच्या चित्रावरून बांधली गेली. लोखंडी खिळ्यांऐवजी तिच्या फळ्या दोराने शिवल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा कणा ठेवला, गोव्यात केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली बांधणी झाली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. हाती फक्त एक चित्र होते. म्हणून आकार ठरवताना तिच्या लहान प्रतिकृतीची चाचणी आयआयटी मद्रासच्या मदतीने पाण्यात घेण्यात आली. लहान जहाजाने मोठ्या जहाजाच्या चुका आधी दाखवून दिल्या.

गुराबेच्या प्रतिकृतीचेही तेच. ऑर्मच्या वर्णनातली उघडी नाळ वाचून पटकन लक्षात येत नाही. तीच लाकडात केली आणि पाण्याच्या टाकीत तिला लाट दिली की कठडे का नव्हते ते दिसते. टनांच्या दोन हिशेबांतले कोणते जहाज उथळ पाण्यात नीट उभे राहते, याचाही अदमास येतो.

सुरुवात कशी करावी?

पहिल्यांदा करणाऱ्याने थेट तीन काठ्यांची गुराब घेऊ नये. दोन काठ्यांची, १:९६ प्रमाणातली गुराब घ्यावी. ६३ फुटांचा कणा ६३ सूत, म्हणजे आठ इंचांना एक सूत कमी. ती किल्ल्याच्या निळ्या कागदावर मावते. एका ठोकळ्यातून कोरली तरी चालेल. फक्त रुंदी जास्त ठेवावी, नाळ लांब आणि बिनकठड्याची करावी, मागच्या आडव्या भिंतीतून दोन तोफा पुढे रोखाव्यात. शेजारी एका काठीचे मोठे तिकोनी शीड आणि दुसरी बारीक काठी असलेले एखादे गलबत ठेवले तर जोडी पूर्ण होते.

आणि बुडाला पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात : काय माहीत आहे, काय अंदाजाने केले आहे. पुढच्या वर्षी तेच जहाज हातात घेणाऱ्या पोराला सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळेल.